रद्दीत गेलेली राज्यघटना

शनिवार, १२ ऑगस्ट २००६. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला, तेव्हा मी वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये दाढी करत होतो. सिंगापूरचा राष्ट्रीय दिन होऊन तीन दिवस झाले होते. समोरच्या ब्लॉकवरचे झेंडे अजून उतरले नव्हते. पत्नीने फोन घेतला आणि दाराशी येऊन म्हणाली, "अहो, ऑफिसातून आहे. मिस पिल्ले. आवाज बरा वाटत नाही."

मिस पिल्ले आमच्या फर्ममधल्या तरुण वकील. विनाकारण फोन करणाऱ्यांतल्या नव्हेत.

"मिस्टर सोनवणे, लायब्ररी तुम्ही हलवलीत का?"

"लायब्ररी नव्या जागेत पुढच्या शुक्रवारी हलायची आहे."

"मग मागची भिंत रिकामी कशी? जोहोरचे एकही पुस्तक जागेवर नाही. धुळीचे चौकोन तेवढे आहेत."

मी अर्धी दाढी तशीच पुसली आणि निघालो.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'नोकरीतल्या गमतीजमती' मागितल्या आहेत. चोवीस वर्षे मी सिंगापुरातल्या एका वकिली फर्मचा ग्रंथपाल होतो. त्या काळात गमती घडल्या असतील. मी त्यांची नोंद ठेवली नाही. त्यांच्याऐवजी एका शनिवारची हकीकत देतो. ती सांगताना मला आजही राग येतो, आणि तो कमी करून लिहिण्याचे मला काही कारण दिसत नाही.

प्रथम धंद्याविषयी. वकिलांच्या ग्रंथालयातले पुस्तक कधी पूर्ण होत नाही. कायदा बदलतो, तसे पुस्तक बदलावे लागते. प्रकाशक नव्या पानांचे पाकीट पाठवतो आणि सोबत सूचनापत्र असते: अमुक पाने काढा, अमुक घाला, काढलेली नष्ट करा. बांधीव पुस्तकांची पाने अशी निघत नाहीत. तिथे सरकारी राजपत्रातली नवी सूचना कात्रीने कापायची आणि तिची एक कड खळीने कलमाच्या समासात चिकटवायची. तिला आम्ही चिठ्ठी म्हणत असू. पन्नास वर्षे नीट सांभाळलेले पुस्तक चिठ्ठ्यांनी इतके फुगते की मिटत नाही. वकील त्याला नावे ठेवतात आणि तेच मागतात.

बाहेरच्यांना न कळणारी गोष्ट याच्या पुढची आहे. रद्द झालेला कायदा निकामी होत नाही. माणूस ज्या दिवशी सही करतो, त्या दिवशीचा कायदा त्या सहीला लागतो. नव्वद वर्षांपूर्वीची सनद खरी की खोटी, हे ठरवायला नव्वद वर्षांपूर्वीचे पान लागते. आजच्या पानाचा तिथे उपयोग नाही. म्हणून काय ठेवावे हे ज्याला कळते तो ग्रंथपाल. नवीन काय आले हे टपालवाल्यालाही कळते.

मागच्या भिंतीवर जोहोर राज्याचे जुने कायदे होते आणि त्यांत एक तपकिरी पाठीचा खंड त्या राज्याच्या घटनेचा होता. जोहोर म्हणजे आमच्या खिडकीतून दिसणारा पलीकडचा किनारा. सिंगापूरचे लोक तिथे पेट्रोल भरायला आणि स्वस्त खायला जातात; १८९५ साली त्या राज्याने लेखी राज्यघटना केली हे त्यांच्या गावी नसते. मलय राज्यांतली ती पहिली. तिच्या मसुद्यात सिंगापूरच्या इंग्रज वकिलांचा हात होता असे सांगतात. मूळ मजकूर मलय भाषेत आणि अरबी वळणाच्या लिपीत. आमच्याकडे इंग्रजी भाषांतर होते.

ती लोकशाही नव्हती. प्रजेला मत नव्हते. पण गादीवर कोण बसेल, मंत्री कोण असतील, परिषदेला विचारल्यावाचून काय करता येणार नाही, हे राजाने स्वतःच्या हयातीत लिहून दिले. राज्याचा कोणताही भाग परकीय सत्तेच्या हवाली करायचा नाही, असे आपल्या वंशजांनाही बजावून ठेवले. इंग्रज दाराशी बसलेला असताना लिहिलेले हे कलम आहे. इंग्रजाला ते थोपवू शकले नाही. पुढे त्याचा सल्लागार आलाच. पण कागद राहिला. पूर्व किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका राज्याने तो समोर ठेवून आपली घटना केली. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजांनी सगळी राज्ये एका नव्या रचनेत गुंडाळायचे ठरवले आणि राजांच्या सह्या घेतल्या, तेव्हा जोहोरच्या लोकांनी हीच घटना आपल्या राजापुढे धरली. पूर्वजाने लिहून दिले आहे, तुम्हाला सही करण्याचा अधिकार नव्हता, असे ते म्हणाले. ती रचना दोन वर्षेही टिकली नाही. तिच्या पडण्याला कारणे अनेक होती. त्यांतले एक पन्नास वर्षे कपाटात पडून होते.

माझे वडील नागपूरच्या गिरणीत होते. आमच्या वस्तीत पाण्याचा नळ यायच्या आधी आमच्या घरात भारताच्या राज्यघटनेची मराठी प्रत आली. ती निळ्या कापडात बांधलेली असे. २६ जानेवारीला वडील हात धुऊन ती सोडत आणि शेजाऱ्यांना अस्पृश्यता मोडणारे कलम सतरा वाचून दाखवत. दर वर्षी तेच कलम. मी एकदा विचारले की पाठ झाले आहे, मग पुस्तक कशाला उघडायचे. ते म्हणाले, "तोंडी सगळे आपल्याला देतच आले आहेत. लिहिलेले आहे का, ते बघायचे असते."

हे सांगायचे कारण एवढेच की मी त्या घरातला. आणि मी काय केले ते पुढे येईलच.

दोन आठवड्यांपूर्वी मिस पिल्ले एका बाईंना ग्रंथालयात घेऊन आल्या होत्या. पुआन, म्हणजे श्रीमती, झाहरा. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त शाळामास्तरीण, आता वुडलँड्सलाच मुलीजवळ राहणाऱ्या. जन्म पलीकडच्या किनाऱ्यावरचा. त्यांच्या आजोबांना राजाकडून सनदेने जमिनीचा एक तुकडा मिळाला होता. त्यावर घराण्याचे कबरस्तान आहे. आजोबा, आईवडील, नवरा तिथे आहेत. चार वर्षांची होऊन गेलेली थोरली मुलगीही तिथेच आहे. एका बांधकाम कंपनीला तिथून रस्ता हवा होता. तिचे म्हणणे असे की सनदेवर परिषदेची संमती नोंदलेली नाही, सबब सनद पोकळ आणि जमीन सरकारची. कबरी हलवाव्या लागतील. जोहोरच्या न्यायालयात सुनावणी चालू होती. तारीख दोनदा वाढवून मिळाली होती; सोमवार, १४ ऑगस्ट ही शेवटची होती.

उत्तर माझ्या भिंतीवर होते. अशा प्रकारच्या सनदांना परिषदेची वेगळी संमती लागणार नाही, अशी एक अधिसूचना त्या काळात निघाली होती आणि काही वर्षांनी मागे घेतली गेली. नंतरच्या छापील आवृत्त्यांत तिचा मागमूस नाही. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी तिची चिठ्ठी घटनेच्या खंडात चिकटवली होती. न्यायालयात चिठ्ठीला पुरावा म्हणून किंमत नाही. किंमत तिच्यावर छापलेल्या क्रमांकाला आणि तारखेला. क्रमांक दिला की सरकारी दप्तरातून मूळ राजपत्र मागवता येते. क्रमांकावाचून दप्तरवाला खांदे उडवतो. पलीकडच्या वकिलांनी दोन महिने ते अनुभवले होते.

"एनचिक," म्हणजे महाशय, अशी मलय हाक देऊन पुआन झाहरांनी मला विचारले, "तो कागद तुमच्याकडे आहे ना?"

"आहे."

"तुम्ही पाहिला आहे?"

"मी पाहिलेला कागद विसरत नाही. सुनावणीच्या आधी मिस पिल्लेंना काढून देतो."

त्या थोडे हसल्या. "माझ्या वर्गातली मुलेही असेच म्हणत. वही उघड म्हटले की कळायचे."

खंड सर्वांत वरच्या फळीवर होता. माझा गुडघा त्या आठवड्यात दुखत होता. मी शिडी चढलो नाही.

साडेदहाला मी कचेरीत पोचलो. मिसेस लिम, आमच्या प्रशासन व्यवस्थापक, खेळाचे बूट घालून खोक्यांवर नावे लिहीत होत्या. कष्टाळू बाई. नवी जागा, नवा गालिचा, कॉफीचे यंत्र, सगळे त्यांनी एकटीने उभे केले होते. मी त्यांच्यावर आळसाचा आरोप करत नाही.

"मागच्या भिंतीची पुस्तके कुठे आहेत?"

"ती गेली. काल संध्याकाळी लॉरी रिकामी मिळाली, देऊन टाकली ला," त्या शेवटी सिंगापुरी 'ला' लावत म्हणाल्या.

"मी यादी दिली होती."

"पाहिली. प्रत्येक पुस्तकापुढे 'ठेवणे' लिहिले होते. मिस्टर सोनवणे, त्याला यादी म्हणत नाहीत."

"ती पुस्तके ठेवण्याचीच होती."

"कुठे? नव्या जागेत भिंत नाही. काच आहे." त्यांनी पेन खाली ठेवले. "आणि मी न बघता दिली नाहीत. एक उघडून पाहिले. पहिल्या पानावर मोठा शिक्का: रद्द. दुसरे उघडले. रद्द."

"तो शिक्का मी मारलेला आहे."

"मग?"

"रद्द झालेले पुस्तक ठेवायचे असते म्हणून त्यावर शिक्का मारतात. टाकायचे असेल तर शिक्का कोण मारत बसेल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटते, त्या क्षणी त्यांना ते समजले. पण समजून घेणे त्यांना परवडणारे नव्हते. "सगळे आता नेटवर असते," त्या म्हणाल्या.

"नेटवर आजचे असते."

"आपण आजच काम करतो ना?"

मिस पिल्ले मध्ये पडल्या नसत्या तर मी काय बोललो असतो ते इथे छापता आले नसते. त्यांनी लॉरीची पावती शोधून काढली. रद्दीचे गोदाम सुनगाई कडूतला होते. म्हणजे माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. मी अख्खे बेट ओलांडून आलो होतो, आता तितकेच उलट जायचे होते.

"सापडेल ना?" मिस पिल्लेंनी विचारले.

"शनिवार आहे. अजून लगदा झाला नसेल."

"त्या बाईंनी सकाळी मला फोन केला होता. मी सांगितले, कागद मिस्टर सोनवणेंकडे आहे, काळजी नको."

टॅक्सीत मी काचेतून बाहेर पाहत राहिलो आणि दोन माणसांवर चिडत राहिलो. मिसेस लिम एक. दुसरे आमचे मुख्य भागीदार, ज्यांनी नव्या जागेच्या नकाशावर ग्रंथालयाच्या ठिकाणी 'विचारविनिमय कट्टा' असे लिहिले होते. त्या यादीत तिसरे नाव आहे, हे मला तासाभराने कळले.

गोदामाचे मालक अंकल कोह. माझ्याच वयाचे, बनियनवर, खांद्याला टॉवेल. आम्ही बाजारी मलयमध्ये बोललो. कागदाच्या गाठी छपरापर्यंत गेल्या होत्या. मी पुस्तकांचे वर्णन केले.

"कातडी पाठीची?" ते म्हणाले. "त्यांनी डोके उठवले आहे. कातडे यंत्राला चालत नाही. पाठ सोलून काढावी लागते."

त्यांनी बोट दाखवले. एका पत्र्याखाली दोन बाया स्टुलांवर बसल्या होत्या. हातांत मोजे आणि आखूड सुऱ्या. एक जण पुस्तक उचलायची, पाठीत सुरी घालायची, ओढायची. मासळीबाजारात जे हात चालतात तसेच ते हात होते. कातडी पाठींचा ढीग एका बाजूला, पानांचा दुसऱ्या बाजूला. पानांचे बोचके बांधलेले.

"ती पुस्तके माझी आहेत," मी म्हणालो.

"तुमची? मग टाकलीत कशाला?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्यात वेळ गेला असता. मी बाह्या सरसावून ढिगाऱ्याशी बसलो. अंकल कोह थोडा वेळ पाहत उभे राहिले, मग त्यांनीही एक स्टूल ओढले. कोणत्या रंगाची पाठ, किती जाड, एवढेच विचारले. पाऊण तास आम्ही दोघे म्हातारे आणि त्या दोन बाया पुस्तके उलथत होतो. शेवटी त्यांतल्या एकीने गुडघ्यावरचा खंड माझ्यापुढे धरला. पाठ अर्धी सोललेली, लोंबत होती. "अण्णे, हा?" तिने विचारले. ती तमिळ होती आणि मला तिने आपल्यातलाच धरले होते.

हाच होता. मी पान उघडले.

चिठ्ठी नव्हती. समासात खळीची तपकिरी रेघ होती, फाटलेल्या कागदाचे चार तंतू होते आणि पेन्सिलीने इंग्रजीत, स्वच्छ अक्षरात लिहिले होते: कालबाह्य, काढली, एप्रिल ८४. त्याखाली आद्याक्षर. आद्याक्षर माझे.

"सापडले ना?" अंकल कोह म्हणाले. "मग तोंड असे का?"

"पुस्तक सापडले," मी म्हणालो.

१९८३ साली मी या फर्ममध्ये लागलो. माझ्या आधीचे ग्रंथपाल श्री. डिक्रूझ निवृत्तीला आले होते आणि वर्षभरात त्यांनी माझ्याकडे काम सोपवायचे होते. मी एका न्यायालयाच्या ग्रंथालयातून आलेलो, पदविका मिळवलेली, नीटनेटकेपणाचा गर्व असलेला. त्यांची पुस्तके मला गलिच्छ वाटली. चिठ्ठीवर चिठ्ठी, खळीचे डाग, समासात बारीक नोंदी. सूचनापत्रात छापलेले असे की जुने काढा, नष्ट करा. मी सूचनापत्र पाळणारा माणूस. सबंध एप्रिल मी हातमोजे घालून मागे घेतलेल्या अधिसूचनांच्या चिठ्ठ्या ओल्या फडक्याने सोडवून काढत होतो. प्रत्येकीची नोंद मात्र ठेवली. मुख्य भागीदारांनी माझे कौतुक केले. डिक्रूझ एकदा म्हणाले, "सोनवणे, हे घाण नाही, हे पुस्तकच आहे." मी ऐकून घेतले आणि काम चालू ठेवले. शेवटच्या दिवशी ते माझ्या टेबलाखालची, महिनाभराच्या चिठ्ठ्यांनी भरलेली टोपली उचलून घेऊन गेले. मी कारकुनांसह हसलो होतो. म्हातारा कचरा घरी नेतो म्हणून.

पुढे दहा-बारा वर्षांनी मला शहाणपण आले. 'ठेवणे' लिहायला मी तेव्हापासून शिकलो. पण जे काढले होते ते विसरलो, आणि चिठ्ठी पाहिल्याची आठवण तेवढी पक्की राहिली. मी ती पाहिली होती हे खरेच. ती माझ्याच बोटांत होती.

तो खंड अंकल कोहनी मला तसाच दिला. बाकीचे सोमवारपर्यंत ठेवता येतील का, असे मी विचारले. ते म्हणाले, "ठेवतो. पण कोणी तरी लॉरी पाठवा. मी गोदामवाला, ग्रंथपाल नाही." मी त्यांच्या समोरच मिसेस लिमना फोन लावला. त्या म्हणाल्या, सोमवारी भागीदारांना विचारते.

दीड वाजता मी ईस्ट कोस्टला डिक्रूझांच्या दारात होतो. मुलाच्या कॉन्डोत, समुद्राकडच्या गॅलरीत ते वेताच्या खुर्चीवर बसले होते. वय चौऱ्याऐंशी. दृष्टी अधू, जीभ पूर्ववत.

"सोनवणे. बावीस वर्षांनी. कोण मेले?"

"कोणी नाही. एक चिठ्ठी हवी आहे."

त्यांनी मान वळवली. "कुठली?"

मी खंड, पान, कलम सांगितले.

"ती. जी तू काढलीस."

"जी मी काढली."

"मोठ्याने बोल. या कानाने कमी ऐकू येते."

"जी मी काढली."

"या कानानेही ऐकले," ते म्हणाले आणि सुनेला हाक मारली. "मेरी, नाताळच्या झाडाखालचे डबे."

सुनेने कोठीच्या खोलीतून बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे आणले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "दर वर्षी मी म्हणते, डॅडी, हे टाकू या. दर वर्षी म्हणतात, तो येईल."

"कोण येईल म्हणायचे?"

"नाव नाही सांगितले कधी. 'तो मूर्ख' म्हणायचे."

डब्यांत पाकिटे होती. प्रत्येक पाकिटावर खंड आणि पान. माझ्या टोपलीतला कचरा म्हाताऱ्याने घरी नेऊन लावून ठेवला होता. दुसऱ्या डब्यात, मधोमध, ती होती. तीन बोटे रुंद, पिवळी पडलेली. क्रमांक आणि तारीख स्पष्ट.

मी तिथूनच मिस पिल्लेंना फोन करून क्रमांक दोनदा वाचून दाखवला. त्यांनी तो मला परत वाचून दाखवला. मग त्यांनी पलीकडच्या वकिलांना फोन लावला.

"तुम्ही तेव्हा मला ठासून का सांगितले नाही?" मी डिक्रूझांना विचारले.

"सांगितले होते. तू हातमोजे घातले होतेस. हातमोजे घातलेल्या माणसाला ऐकू येत नाही." त्यांनी खुर्चीखालून शाळेची वही काढली. "नोंद कर. नाव, दिनांक, खंड, पान. परतीची तारीख."

"परत आणणार नाही. जिथली आहे तिथे लावतो."

"मग शेऱ्यात तसे लिही. आणि सही."

मी लिहिले. "चूक कोणाची, असा रकाना नाही वाटते."

"माझ्या काळात लागला नाही," ते म्हणाले.

साडेतीनला वुडलँड्सच्या स्टेशनाजवळ मी चिठ्ठीच्या प्रती काढल्या, एक फॅक्सने कचेरीत धाडली आणि दुसरी घेऊन पुआन झाहरांच्या फ्लॅटवर गेलो. त्या एकट्याच होत्या. त्यांनी मला बसवले, सरबत पुढे ठेवले आणि प्रत डोळ्यांजवळ नेऊन शेवटपर्यंत वाचली.

मी सांगितले की हा कागद मी त्यांना म्हटले त्या ठिकाणी नव्हता; मी स्वतःच तो बावीस वर्षांपूर्वी काढून टोपलीत टाकला होता; दुसऱ्या एका माणसाने उचलून ठेवला म्हणून तो आज मिळाला.

"म्हणजे वही उघडून पाहिली नव्हती," त्या म्हणाल्या.

"नाही."

"आज उघडली?"

"आज उघडली."

"हं." त्यांनी प्रत घडी न घालता एका पुठ्ठ्याच्या पाकिटात ठेवली. माझी समजूत घातली नाही, हे मला बरे वाटले. मग विचारले, "त्या भिंतीवर आणखी किती जणांचे असे काही होते?"

"माहीत नाही. ज्याला लागेल त्यालाच ते कळते."

त्यांच्या खिडकीतूनही पलीकडचा किनारा दिसतो. निघताना त्या तिकडे पाहत उभ्या होत्या. त्यांनी वळून निरोप दिला नाही.

वाचकांना ताटकळत ठेवायचे मला आवडत नाही, म्हणून सोमवारचे इथेच सांगतो. न्यायाधीशांनी तो क्रमांक नोंदवून मूळ राजपत्र मागवले आणि तोवर जमिनीला हात लावण्यास मनाई केली. तीन आठवड्यांनी राजपत्र आले. चिठ्ठीतला शब्द न शब्द त्यात होता. रस्ता आता दुसरीकडून जातो. कबरी जागच्या जागी आहेत.

त्याच सोमवारी मिसेस लिमनी भागीदारांना विचारले. भागीदार म्हणाले की एक पुस्तक मिळाले ना, मग काम झाले. लॉरी गेली नाही. अंकल कोहनी बुधवारपर्यंत वाट पाहिली, एवढे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो. मग सगळी भिंत यंत्रात गेली. मी पुढच्या वर्षी निवृत्त झालो. निरोपसमारंभ काचेच्या त्या कट्ट्यावर झाला. मुख्य भागीदारांनी भाषणात माझ्या नीटनेटकेपणाची आठवण काढली. मी केक खाल्ला नाही.

एका राजाने आपल्या वंशजांचे हात बांधून ठेवले आणि तो कागद शंभर वर्षे पुरला, कारण तो कुठे तरी कोणी तरी ठेवला होता. कागद स्वतः काही करत नाही. वडील दर वर्षी पुस्तक का उघडत, हे मी त्यांच्याकडून ऐकले होते, आणि तरीही शिडी चढलो नाही. मिसेस लिमना निदान ते कोणी सांगितले नव्हते.

त्या शनिवारी सहाच्या सुमारास मी घरी आलो. स्वयंपाकघरात दोन चमचे मैदा गार पाण्यात कालवला, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळला, कीड लागू नये म्हणून त्यात लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाकले आणि खळ निवू दिली. खळीत घालतात ते मोरचूद घरात नव्हते. सोललेली पाठ आधी शिवून घेतली. मग पान उघडले. पेन्सिलीची माझी नोंद खोडली नाही. तिच्याखाली शाईने लिहिले: परत लावली, १२ ऑगस्ट २००६, आणि तेच आद्याक्षर. शाई वाळल्यावर चिठ्ठीच्या कडेला खळ लावली आणि ती जुन्या तपकिरी रेघेवर बरोबर बसवली.

वजन हवे होते. प्रेशर कुकर पाण्याने अर्धा भरून खंडावर ठेवला.

पत्नी दारात उभी होती. "अहो, किती वेळ राहणार तो तिथे?"

"सकाळपर्यंत."

"आणि वरण कशात लावू?"

"पातेल्यात."

"पातेल्यात डाळ शिजायला तास लागतो."

मी कुकरमध्ये आणखी दोन भांडी पाणी ओतले, झाकण लावले आणि डाळ निवडायला घेतली.